लायसन्स काढावं ते बेफाम गाडीसाठी, थकलेल्या पैशांसाठी नव्हे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी धनकवडीला राहते, घरून डबे करते. रोज सकाळी सव्वीस डबे माझ्या स्कूटरवरून बालाजीनगर, पद्मावती आणि सहकारनगरला पोचवते. गाडी माझ्या नावावर आहे. संध्याकाळनंतर ती माझे धाकटे दीर वापरतात. मागच्या महिन्यात गाडी विकायची म्हणून चौकशी केली, तेव्हा एका एजंटनं गाडीचा नंबर टाकून मोबाइलवर दाखवलं. एकोणीस चलानं, १४,००० रुपये थकलेले. मला एकही मेसेज आलेला नाही, कारण आरसीवर माझा जुना मोबाइल नंबर आहे. बारा चलानं हेल्मेटची आहेत. त्यातली बरीचशी माझी, खोटं बोलणार नाही. चार सिग्नल तोडल्याची, सगळी रात्रीची. एक ट्रिपल सीटचं, दोन नो पार्किंगची.

खरी अडचण पुढे आहे. माझे सासरे, अप्पा, आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं काम पाहतात. त्यांच्या मित्राला सातारा रोडवर सिग्नल तोडून आलेल्या मोटरसायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, अजून वॉकरवर आहेत. संघानं पोलीस आयुक्तांना द्यायला निवेदन लिहिलंय. त्यात मागणी आहे की ज्यांची चलानं थकलीत त्यांचं लायसन्स जप्त करा आणि पैसे भरेपर्यंत परत देऊ नका. माझं अक्षर चांगलं म्हणून फेअर कॉपी माझ्याकडे दिलीय, आणि सही करणाऱ्यांत सूनबाईचं नाव पहिलं हवं असं अप्पा सगळ्यांना सांगतायत. माझंच लायसन्स गेलं तर डबे बंद. मिस्टर शिरवळला कंपनीत आहेत, त्यांच्या एकट्याच्या पगारात घराचा हप्ता भागत नाही. एजंट म्हणतो निम्म्या पैशात सगळं मिटवून देतो. अप्पांना सांगायची हिंमत होत नाही. भाऊजींचं नाव घेतलं तर घरात वादळ. मी सही करू का? आणि कायदा खरंच असा आहे का?

— एक वाचक, धनकवडी

नमस्कार ताई,

आधी धास्ती काढू. तुमचं लायसन्स गेलेलं नाही. एकोणीस चलानं थकली आहेत एवढ्यावरून ते आपोआप जातही नाही.

चलान म्हणजे कॅमेऱ्यानं किंवा पोलिसानं तुमच्या गाडीवर घेतलेला आरोप, आणि ठरलेली रक्कम भरून तो तडजोडीनं मिटवण्याची तुम्हाला दिलेली संधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये ही तडजोड आहे. तुम्ही पैसे भरले नाहीत तर पुढची पायरी कोर्टाची. लायसन्स निलंबित करणं ही त्याहून वेगळी गोष्ट. ते आरटीओनं करायचं तर कलम १९ खाली करावं लागतं, आणि त्याआधी तुम्हाला नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आदेश कारणांसह लेखी हवा आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. कोर्टालाही गुन्हा शाबित झाल्यावर लायसन्स काढून घेता येतं. म्हणजे एजंटच्या मोबाइलवरचा तो लाल आकडा हा लायसन्सचा आदेश नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की त्याची स्थिती दिसते. आजच बघा, म्हणजे रात्री झोप लागेल.

आता एक कडू गोष्ट, कारण ती लपवून तुमचं भलं होणार नाही. त्या बारा हेल्मेटच्या चलानांचा मामला नुसत्या पैशांचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात हेल्मेट न घालण्यासाठी दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर लागू झाले तेव्हा दंडाचा आकडा ५०० रुपये राहिला, पण निलंबनाची तरतूद तशीच आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध करायची जुनी रीत आहे. २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते, आणि त्यात चांगली शिकलेली, शहाणी माणसं होती. मला ती भूमिका कधीच पटली नाही. तुम्ही सातारा रोडवरून रोज जाता. बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, उड्डाणपुलाखालून वळणाऱ्या बस, मधूनच घुसणाऱ्या रिक्षा हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डब्याच्या पिशव्या पायाशी असताना गाडीचा तोल जायला फार लागत नाही. तेव्हा उद्यापासून हेल्मेट. चलान लागतं म्हणून नव्हे, तुमच्या डोक्यासाठी.

आणि उद्या खरोखर निलंबनाचा आदेश हातात पडला, तर त्या दिवसापासून गाडीला हात लावायचा नाही. लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आज तुमच्यावर आहे तो पैशांचा प्रश्न. तो फौजदारी होऊ द्यायचा नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कायदा खरंच असा आहे का?

लायसन्स काढून घेण्याची जी कारणं आपल्याकडे आजवर मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, ती जवळपास सगळी गाडी कशी चालवली याच्याशी जोडलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाइल वापरणं, ट्रकमध्ये जास्त माल भरणं, मालवाहू गाडीत माणसं नेणं, या गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. यादी वाचली की लक्षात येतं, प्रत्येक कारणामागे कुणाचा तरी जीव जाण्याची शक्यता आहे. पैसे न भरणं या यादीत नाही. पण २०२५ मध्ये थकीत ई-चलानांसाठीही लायसन्स निलंबित करावं अशा प्रस्तावाची चर्चा देशभर सुरू झाली. अप्पांच्या संघानं जे लिहिलंय ते याच वाऱ्याचं आहे. त्यामुळे तुमच्या घरातला पेच हा पुण्यातल्या, खरं तर सगळ्या देशातल्या दुचाकीवाल्यांचा पेच आहे, आणि म्हणून मी तुमच्या पत्राला इतकी जागा देते आहे.

अप्पांचा राग खरा आहे. सत्तरीच्या माणसाचा खुबा मोडतो म्हणजे काय होतं हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांनाच कळतं. माणूस हिंडता-फिरता असतो तो एका क्षणात दुसऱ्यावर अवलंबून होतो, संडासला जायलाही हाक मारावी लागते. त्या रागाशी भांडू नका. त्यांना विचारायचा प्रश्न एकच आहे: मित्राला ज्यानं उडवलं, त्यानं त्याची सगळी चलानं वेळेवर भरली असती, तर निवेदनातल्या मागणीनं त्याला रस्त्यावरून हटवलं असतं का?

नसतं. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो सिग्नल तोडेल, त्याच रात्री मोबाइलवरून दंड भरेल आणि सकाळी पुन्हा तोडेल. त्याचं लायसन्स शाबूत. आणि लक्ष्मी रोडवर दहा मिनिटं गाडी चुकीच्या जागी लावणारी, महिनाअखेरीला पैसे नसल्यानं दंड न भरू शकलेली बाई मात्र लायसन्स घालवून बसेल. अप्पांना हवी आहे सुरक्षित वाट. त्यांची मागणी मोजते ती पाकीट. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या नाहीत तर निवेदन मंजूर झालं तरी त्यांच्या मित्राला रस्ता ओलांडताना काहीच फरक पडणार नाही.

दुसरी अडचण कॅमेऱ्याची. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. चालवणारा कोण, हे त्याला ठाऊक नसतं. तुमच्याच घरात बघा, रात्रीचे चार सिग्नल दुसऱ्यानं तोडले आणि चलानं तुमच्या नावावर आली. थकबाकीवरून लायसन्स काढलं तर ते गाडीमालकाचं जाईल, सिग्नल तोडणाऱ्याचं नाही. पुण्यात एक गाडी आणि चालवणारे तिघं अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय, आणि तिथून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिकडच्या बहुतेक राज्यांत वर्षानुवर्षं हाच नियम होता: वाहतुकीचा किंवा कोर्टाचा दंड थकला की लायसन्स निलंबित. तिकडच्या बऱ्याच गावांत बस जवळपास नाहीतच. त्यामुळे लोकांनी नोकरीवर जाणं थांबवलं नाही, निलंबित लायसन्सवर गाडी चालवत राहिले. मग त्यासाठी पकडले गेले, नवा दंड बसला, काही जण तुरुंगात गेले, नोकरी गेली आणि जुना दंड भरण्याची उरलीसुरली ऐपतही गेली. मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं छोटं शहर आहे, आपल्या पुण्यातल्या फर्ग्युसन कॉलेजशी त्याचा काही संबंध नाही. तिथल्या पोलीस आणि कोर्टाच्या कारभाराची तिकडच्या केंद्रीय न्याय विभागानं चौकशी केली आणि २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की तिथल्या यंत्रणेचं लक्ष लोकांच्या सुरक्षिततेपेक्षा दंडातून मिळणाऱ्या महसुलावर होतं. त्यानंतर राज्यांनी एकेक करून कायदे बदलायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये दंड थकला म्हणून लायसन्स निलंबित करणं थांबवलं, व्हर्जिनियानं २०२० मध्ये. न्यूयॉर्कच्या कायद्यावर २०२० च्या अखेरच्या दिवशी सही झाली आणि त्यात हप्त्यांनी दंड भरण्याची सोयही आली. दारू पिऊन किंवा बेदरकारपणे चालवणाऱ्याचं लायसन्स काढण्याचे अधिकार या राज्यांनी सोडले नाहीत. ते तसेच ठेवले. काढून टाकला तो फक्त पैशांचा दुवा.

खरं तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच एका खटल्यात सांगितलं होतं की दंड भरला नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकण्याआधी त्याला तो भरणं शक्य होतं का हे तपासलं पाहिजे. तो निकाल कैदेबद्दलचा आहे, लायसन्सचा नाही. पण ‘भरत नाही’ आणि ‘भरू शकत नाही’ यातला फरक आधी बघा, हा विचार मला दोन्हीकडे लागू वाटतो. फिनलंडमध्ये तर मोठ्या अतिवेगाचा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणजे श्रीमंतालाही तो तेवढाच टोचतो. आपल्याकडे ५०० रुपये सगळ्यांना सारखेच. बंगल्यातल्या मुलाला ते एका संध्याकाळच्या कॉफीचे, तुम्हाला कित्येक डब्यांच्या नफ्याचे.

तुम्ही म्हणाल, पुण्यात तर पीएमपीची बस आहे, मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. अप्पाही म्हणतील. त्यांना सांगा, सव्वीस डबे घेऊन बसमध्ये चढून दाखवा. गरम डबा साडेबाराला पोचला पाहिजे, आणि सहकारनगरच्या चढावरच्या गल्ल्यांत बस जात नाही. डबेवाल्या, घरोघरी जाणाऱ्या नर्सबाई, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पार्सल पोचवणारी मुलं या सगळ्यांचं लायसन्स म्हणजे कामाचं हत्यार आहे. सुताराकडे उधारी थकली म्हणून त्याची करवत उचलून नेली तर उधारी फिटणार कशी?

अप्पांना आणखी एक गोष्ट सांगावी असं मला फार वाटतं, कारण ती थेट त्यांच्या मित्राच्या बाजूची आहे. अपघातात जखमी झालेल्याला भरपाई मिळते ती प्रामुख्यानं उडवणाऱ्या गाडीच्या विम्यातून. चालवणाऱ्याचं लायसन्स वैध नसेल तर विमा कंपनी जबाबदारी नाकारायला उभी राहते. अनेक प्रकरणांत अपघात भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी जखमीला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा. पण त्या वादात वेळ जातो आणि वॉकरवरचा माणूस थांबून राहतो. आता थकबाकीसाठी हजारो लोकांची लायसन्सं निलंबित करा. त्यातले बहुतेक गाडी चालवतच राहणार, कारण पोट थांबत नाही. म्हणजे रस्त्यावर वैध लायसन्स नसलेले चालक वाढले, आणि त्यांच्यापैकी कुणी उद्या एखाद्या आजोबांना धडक दिली तर भरपाईचा वाद त्या आजोबांच्याच नशिबी. ज्येष्ठ नागरिक संघानं हे मागावं असं मला वाटत नाही.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. लायसन्सची भीती नसेल तर दंड कोण भरेल? कोट्यवधींची चलानं थकलेली आहेत, महागड्या गाड्यांचे मालक वर्षानुवर्षं ढुंकून बघत नाहीत. मला त्यांची कणव नाही. पण त्यांच्याकडून वसूल करायला कोर्ट आहे, गाडी विकताना अडणारं हस्तांतर आहे. तुमचा स्वतःचा अनुभवच बघा, गाडी विकायला निघालात तेव्हाच चलानं समोर आली. ज्याची ऐपत आहे त्याच्या मालमत्तेला हात घाला. ज्याची नाही त्याला हप्ते द्या. कोर्टानं दंड ठोठावला आणि तो एकदम भरणं शक्य नसेल तर दोन-तीन हप्त्यांत भरू देण्याची मुभा आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात जुनी आहे. तीच सोय चलानालाही सरळ, कोर्टाची पायरी न चढता मिळायला हवी. शिवाय तुमच्यासारख्या अनेकांना चलान झाल्याचा पत्ताच नसतो. मेसेज जुन्या नंबरवर जातो, माणूस महिनोन्‌महिने अंधारात. ज्याला निरोपच मिळाला नाही त्याला थकबाकीदार म्हणून शिक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता घरचं.

अप्पांना सांगावंच लागेल, आणि ते सहीच्या आधी. उद्या संघातल्या कुणी सहज तुमच्या गाडीचा नंबर टाकून पाहिला तर चारचौघांत मान खाली जाईल ती त्यांची. पण तुम्ही एकटीनं सांगायचं नाही. आधी मिस्टरांना सगळं दाखवा, प्रत्येक चलान त्याच्या तारखेसकट. मग भाऊजींना समोर बसवा, अप्पांच्या नकळत. त्यांना शांतपणे सांगा: ‘भाऊजी, हे चार सिग्नल आणि ट्रिपल सीट तुमची आहेत. अप्पांना हे तुम्ही सांगा. दोन दिवसांत नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल.’ एवढंच. जुनी उणीदुणी काढू नका, पैशाचा हिशोब त्या बैठकीत नको.

सून घरात नवी असो की पंधरा वर्षांची, दिराबद्दल सासऱ्यांकडे तक्रार करणं तिला जड जातं, आणि बोल शेवटी तिलाच लागतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच ते शब्द भाऊजींच्या तोंडून यायला हवेत. पण त्यांनी टाळलं तर गप्प बसू नका. ज्या सवयीनं अप्पांच्या मित्राचा खुबा मोडला, तीच सवय त्यांच्या घरात आहे आणि रोज रात्री तुमच्याच गाडीवर बसून बाहेर पडते. उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर गाडीमालक म्हणून कोर्टात तुमचं नाव असेल. भाऊजींनी अप्पांशी बोलेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा. वाईटपणा येईल, येऊ द्या.

तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. चार सिग्नल तोडल्याबद्दल भाऊजींचं लायसन्स काही काळ निलंबित झालं तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही. १४,००० रुपये थकले म्हणून तुमचं गेलं तर म्हणेन. अप्पांशी बोलताना हाच फरक त्यांच्यापुढे ठेवा. आपल्या मुलाबद्दलचं पहिलं वाक्य ऐकून ते संतापतील, पण ज्या माणसानं मित्रासाठी एवढी धावपळ केली तो दुसऱ्या दिवशी त्यावर विचार करेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

आता कागदपत्रं. एजंटला आजच नाही म्हणा. निम्म्यात मिटवतो म्हणणारा एक तर लोकअदालतीत तुम्हाला स्वतःला मिळू शकणारी सवलत स्वतःच्या नावावर विकतो, नाही तर सरळ पैसे घेऊन गायब होतो. त्याला ओटीपी देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. त्या फाइलमधून फोनचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार झालेत.

परिवहनच्या संकेतस्थळावर आरसीवरचा मोबाइल नंबर बदलून घ्या, म्हणजे पुढचं चलान त्याच दिवशी कळेल. मग महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर एकोणीसही चलानं एकेक करून उघडा आणि फोटो नीट बघा. गाडी तुमचीच आहे ना, नंबर स्पष्ट आहे ना, जागा आणि वेळ जुळते ना. एखादं चुकीचं वाटलं तर तिथेच तक्रार नोंदवता येते. तक्रार केल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. रात्रीची चलानं तुमची नाहीत म्हणून आव्हान द्यायचं असेल तर गाडी कोण चालवत होतं हे सांगावं लागेल. पोलिसांनी विचारलं तर चालकाचं नाव-पत्ता देणं हे कलम १३३ खाली मालकाचं कर्तव्यच आहे. ‘कोण होतं माहीत नाही’ असं लिहून देऊ नका. भाऊजी ते पैसे स्वतः भरणार असतील तर तो मार्ग सोपा, पण त्यांचे त्यांनी भरायचे, तुमच्या डब्यांच्या पैशातून नाही.

उरलेल्यांसाठी लोकअदालत. राष्ट्रीय लोकअदालत साधारण दर तीन महिन्यांनी भरते आणि पुण्यात शिवाजीनगर कोर्टात तडजोडीची चलानं त्यात घेतली जातात. दारू पिऊन चालवल्यासारखी प्रकरणं तिथे मिटत नाहीत, पण तुमची तशी नाहीत. एक लक्षात ठेवा, लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून ज्या चलानाला आव्हान द्यायचंय ते तिथे तडजोडीला देऊ नका. पुढची तारीख जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात कळेल, तेही शिवाजीनगर कोर्टातच आहे. तिथे मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. संकोच न करता जा, सोबत आरसी, लायसन्स, आधार आणि चलानांची यादी न्या. तोवर हाताशी पैसे येतील तसं एखादं चलान भरत राहिलात तरी चालेल. नो पार्किंगची दोन आधी भरा, त्यांत वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

राहिली सही. निवेदन फाडायची गरज नाही, विरोधही नको. त्यातली थकबाकीची मागणी काढून तिच्या जागी हा परिच्छेद घाला असं अप्पांना सुचवा:

‘सिग्नल तोडणे, राँग साइडने येणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत वाहन चालवणे हे ज्याच्याकडून वारंवार घडते त्याचे लायसन्स, वाहन कोण चालवत होते याची खात्री करून व त्याचे म्हणणे ऐकून, तातडीने निलंबित करावे, त्याने दंड भरला असला तरीही. केवळ दंड थकला या कारणाने कोणाचेही लायसन्स निलंबित करू नये. थकीत दंड हप्त्यांनी भरण्याची सोय करावी. चलानाची सूचना मोबाइलबरोबर टपालानेही पाठवावी. ऐपत असूनही न भरणाऱ्यांकडून कोर्टामार्फत वसुली करावी. सातारा रोडवरील चौकांत पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलचा पुरेसा वेळ द्यावा आणि रात्रीही तेथे पोलीस नेमावेत.’

शेवटचं वाक्य संघाला नक्की आवडेल, कारण म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात हा अपघातामागचा मोठा भाग आहे आणि त्याबद्दल निवेदनात काहीच नव्हतं असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

अप्पांनी हा परिच्छेद घेतला तर पहिली सही तुमचीच करा. नाही घेतला तर फेअर कॉपी लिहून द्या, ते त्यांचं काम आहे आणि अक्षर तुमचं चांगलं आहे. सही मात्र करू नका, आणि का करत नाही ते त्यांना घरातच, संघाच्या बैठकीच्या आधी सांगा.

तुमची,
ताई

(पत्रातला मजकूर थोडक्यात दिला आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)